बॅटरीतला कारभारी

आमच्या सीमाभागात हातातल्या दिव्याला ‘विजेरी’ कुणी म्हणत नाही. तो शब्द पाठ्यपुस्तकातला. घरात, मळ्यात, बाजारात ती ‘बॅटरी’च, आणि तिच्यात घालायचे ते ‘सेल’. शेजारचे कानडी कुटुंबही बॅटरीच म्हणते. निदान या एका वस्तूच्या नावावरून आपल्याकडे वाद झाल्याचे ऐकिवात नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी या बॅटऱ्या दुरुस्त करतो. दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक घरातून एखादी तरी बंद बॅटरी निघते आणि टाकून देण्याआधी ‘सरांना एकदा दाखवू’ म्हणून ती माझ्याकडे येते. परंतु हा लेख ज्या बॅटरीमुळे सुचला ती बंद पडलेली नव्हती. ती उत्तम चालत होती.

आमच्या गल्लीतल्या एका शेतकऱ्याने ती आणली. उसाला पाणी पाजायला तो रात्री मळ्यात जातो, कारण थ्री फेज वीज त्याच्या वाट्याला बहुधा रात्रीच येते. तो म्हणाला, ‘‘सर, ही बॅटरी दगा देते बघा. लख्ख उजेड असतोय आणि एकदम काळोख. बाबांची जुनी बॅटरी पिवळी पडायची, कळायचं की आता परतावं. ही काय सांगतच नाही.’’ त्या रात्री तो उसाच्या सरीत मध्यावर होता. बांधापर्यंत चाचपडत येताना पायाखाली काय आहे हे त्याला दिसत नव्हते. उसात घोणस असते, हे आपल्याकडे लहान मुलालाही सांगावे लागत नाही.

त्याचे बोलणे माझ्या मनातून जाईना. जुनी बॅटरी विझण्याआधी सांगत असे आणि नवी सांगत नाही, हे असे का व्हावे? उत्तर शोधायला बसलो आणि सव्वाशे वर्षे मागे जावे लागले.

* * *

हातदिव्याची कथा सेलपासून सुरू होते. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ मध्ये जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांचा सेल बनवला. पण तो काचेच्या बरणीत, आत पातळ द्रव. तो आडवा केला की सांडायचा. १८८६ मध्ये जर्मनीच्या कार्ल गासनर याने तो द्रव प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये मुरवला आणि जस्ताचे डबडेच सेलचे भांडे केले. हा कोरडा सेल खिशात घालून कुठेही नेता येऊ लागला.

१० जानेवारी १८९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मिसेल या इंग्रज कारागिराला हातदिव्याचे पेटंट मिळाले. एका नळीत सेल एकामागे एक, पुढच्या टोकाला छोटा दिवा आणि त्यामागे परावर्तक, हीच रचना आपण आजही वापरतो. ते पेटंट ज्या कंपनीच्या नावावर होते ती रशियातून अमेरिकेत आलेल्या कॉनरॅड ह्यूबर्ट याची. पुढे याच कंपनीच्या मालाला ‘एव्हरेडी’ हे नाव मिळाले. सुरुवातीचे काही दिवे ह्यूबर्टने न्यूयॉर्कच्या पोलिसांना वापरायला दिले होते.

इंग्रजीत या दिव्याला ‘फ्लॅशलाइट’ म्हणतात, म्हणजे लुकलुकणारा दिवा. ते नाव पडले ते त्याच्या दुबळेपणावरून. बल्बमधली तार कार्बनची. ती वीज फार खाई आणि उजेड थोडा देई. सेलही अशक्त. सतत चालू ठेवला तर सेल लगेच दमत, म्हणून क्षणभर दाबायचा, पाहून घ्यायचे, सोडून द्यायचा. किती वीज जाऊ द्यायची हे माणसाचा अंगठा ठरवत होता. सेल आणि दिवा यांच्यातला पहिला कारभारी म्हणजे हा अंगठाच होय.

१९१० च्या सुमारास कार्बनऐवजी टंगस्टनची तार आली, सेलही सुधारले, आणि दिवा सलग चालू लागला.

* * *

आपल्याकडे एव्हरेडी कंपनीची भारतीय शाखा १९३४ मध्ये रीतसर नोंदली गेली. तीच पुढे युनियन कार्बाइड इंडिया झाली. लखनौला तिचा बॅटऱ्यांचा कारखाना १९५८ मध्ये सुरू झाला. अलाहाबादची जीप, मुंबईचे इस्ट्रेला सेल ही नावेही त्या काळच्या वाचकांना आठवतील. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला ज्या कारखान्यातून विषारी वायू सुटला तो याच कंपनीचा, हे त्या वेळी घरोघरी लाल सेल वापरणाऱ्या कितीजणांच्या ध्यानात आले असेल कोण जाणे. अमेरिकन कंपनीने १९९४ मध्ये आपला हिस्सा विकला आणि भारतीय कंपनीचे नाव एव्हरेडी इंडस्ट्रीज झाले.

त्या काळची बॅटरी प्रत्येकाला उघडता येई. मागचे झाकण फिरवले की सेल बाहेर, पुढचे फिरवले की बल्ब हातात. पुष्कळ बॅटऱ्यांच्या मागच्या झाकणात जादा बल्ब ठेवायची जागाही असे. पट्टी गंजली तर पॉलिश पेपरने घासायची, स्प्रिंग बसली तर ओढून लांब करायची, सेल खुळखुळू लागले तर भोवती कागद गुंडाळायचा. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरी आणि एखादी रात्र निघून जाई. ही दुरुस्ती कुणी शिकवली नव्हती, पण ती प्रत्येक घराला येत होती.

तिच्यात सर्किट असे काहीच नव्हते. दोन सेलच्या बॅटरीला २.५ व्होल्टचा बल्ब, तीन सेलच्या बॅटरीला ३.८ व्होल्टचा, एवढे दुकानदाराला सांगितले की पुरे. सर्किट लागत नव्हते, कारण बल्बची तार स्वतःच कारभार पाहत होती. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो. थंड असताना असतो त्याच्या जवळजवळ दहापट होतो. वीज जास्त आली की तारच तिला अडवते. सेल उतरले की तार कमी तापते आणि उजेड पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबडा होतो. बाबांची बॅटरी ‘सांगत’ होती ती अशी. ती खूण कुणी मुद्दाम बसवलेली नव्हती. तापलेल्या तारेचा तो स्वभावच होता.

* * *

आता एलईडीकडे वळू. निक होलोन्याक याने १९६२ मध्ये अमेरिकेत लाल उजेडाचा एलईडी बनवला. रेडिओ आणि कॅल्क्युलेटर यांवर तो चमकू लागला, पण लाल उजेडात वाट कशी दिसणार? पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हवा होता आणि तो तीस वर्षे हुलकावणी देत राहिला. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा याने १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी सिद्ध केला. त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या फॉस्फरचा थर देऊन १९९६ मध्ये त्याच कंपनीने पांढरा एलईडी बाजारात आणला. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते या निळ्या एलईडीसाठी.

एलईडी थोड्या विजेत पुष्कळ उजेड देतो, पण स्वभावाने तो बल्बच्या अगदी उलट. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. त्याहून कमी दिले तर तो पेटतच नाही; थोडे जास्त दिले तर करंट एकदम उसळतो. शिवाय तापला की त्याला लागणारे व्होल्ट कमी होतात, म्हणून तो आणखी करंट ओढतो आणि आणखी तापतो. त्याला स्वतःला आवर घालता येत नाही. म्हणून सेल आणि एलईडी यांच्यामध्ये कुणीतरी बसवावा लागतो. या कारभाऱ्याला इंग्रजीत ‘ड्रायव्हर’ म्हणतात.

पहिल्या स्वस्त बॅटऱ्यांत तो नव्हताच. किल्लीला अडकवायच्या दिव्यात बटणासारखा सेल असे. त्या सेलचा आतला रोधच इतका की जास्त करंट वाहू शकत नसे. पुढे तीन पेन्सिल सेल आणि नऊ एलईडी अशा बॅटऱ्या बाजारात आल्या. त्यांतल्या कित्येकांत ४.५ व्होल्ट थेट एलईडीला जोडलेले असत. नवे सेल घातले की उजेड झगझगीत, आणि काही महिन्यांत एकेक एलईडी मंद. अशा बॅटरीला मी एक रोध घालतो. ४.५ मधून एलईडीचे ३.२ वजा केले की उरतात १.३ व्होल्ट, नऊ एलईडींना प्रत्येकी २० मिलीअँपिअर म्हणजे १८० मिलीअँपिअर, भागाकार सुमारे ७ ओहम. नववीतला ओहमचा नियम, त्यापलीकडे काही नाही.

एकाच सेलवर, म्हणजे १.५ व्होल्टवर, ३ व्होल्टचा एलईडी पेटवायची युक्ती १९९९ मध्ये इंग्लंडच्या एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकात वाचकाने पाठवलेल्या मजकुरातून प्रसिद्ध झाली. एक ट्रान्झिस्टर, एक रोध आणि फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेल्या दोन तारा, एवढेच साहित्य. कड्यात वीज साठवायची आणि झटक्याने सोडायची, की व्होल्ट उसळी मारतात. पुढे तिला ‘ज्यूल थीफ’, म्हणजे ऊर्जेचा चोर, असे नाव पडले. फेकून दिलेल्या सीएफएल दिव्यातले कडे काढून मी हे सर्किट केले आहे. बाहेर टाकलेल्या सेलवरही ते रात्रभर मिणमिणत राहते.

* * *

आपल्याकडे घरोघरी पोहोचली ती मात्र भिंतीच्या प्लगला लावायची चार्जिंगची बॅटरी. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक याच असतात. आत ४ व्होल्टचा शिशाचा सीलबंद सेल आणि एका तुकड्यावर एक कपॅसिटर, चार डायोड, एकदोन रोध. ट्रान्सफॉर्मर नाही. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या विजेतून सुमारे ७० मिलीअँपिअरच जाऊ देतो. बाकीचा दाब तो स्वतःवर पेलतो. युक्ती स्वस्त आणि हुशारीची, पण तिच्यात एक धोका आहे. चार्जिंग चालू असताना आतला प्रत्येक भाग घरातल्या विजेला थेट जोडलेला असतो. वरचे प्लॅस्टिक तडकले, खटका तुटला आणि कुणी ओल्या हाताने उचलली तर झटका बसतो. मला बसलेला आहे. म्हणून वाचकांनी ही बॅटरी चार्ज होत असताना वापरू नये आणि लहान मुलांच्या हाती तर देऊच नये.

तिच्यात नादुरुस्त होतो तो बहुधा सेल. शिशाचा सेल उतरलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने पडला की त्याच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात आणि मग तो वीज धरत नाही. अशा बॅटरीतून मी सेल आणि कपॅसिटरचा तुकडा दोन्ही काढतो. जागी १८६५० जातीचा लिथियम सेल बसवतो. या आकड्यांचा अर्थ १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. चार्जिंगसाठी टीपी ४०५६ या चिपचा छोटा बोर्ड येतो. तो मोबाइलच्या चार्जरवर चालतो आणि ४.२ व्होल्टला चार्जिंग थांबवतो. त्यावरचा एक रोध १.२ किलोओहमचा असला तर तो सेलला १ अँपिअर देतो. लहान किंवा जुना सेल असेल तर तो रोध काढून २ किलोओहमचा लावावा, म्हणजे करंट ५८० मिलीअँपिअरवर येतो. भिंतीच्या विजेशी संबंध तुटतो, आणि हीच या दुरुस्तीतली मोठी कमाई.

* * *

शेतकऱ्याची बॅटरी याच्या पुढच्या पिढीची. अॅल्युमिनियमची नळी, आत दोन लिथियम सेल एकामागे एक, डोक्यात एकच मोठा एलईडी. डोके फिरवून उघडले, पितळी कडे सोडवले आणि हिरवी चकती बाहेर आली. चिपवरचा नंबर कारखान्यानेच घासून टाकलेला. तरी मांडणीवरून काम कळले. दोन भरलेले सेल ८.४ व्होल्ट देतात. ते खाली उतरवून एलईडीला हवे तेवढेच, ठरलेल्या करंटने द्यायचे हे या चकतीचे काम.

ते काम ती इतके चोख करीत होती की त्यातच घात होता. सेल ८.४ वरून ६ वर आले तरी एलईडीला लागणाऱ्या ३.३ व्होल्टपेक्षा ते पुष्कळच जास्त. त्यामुळे उजेड तसूभरही कमी होत नाही. उलट व्होल्ट उतरतात तसा चकती सेलमधून अधिक करंट ओढते, म्हणून शेवट जवळ येताना सेल अधिकच वेगाने संपतात. लिथियम सेल फार रिकामा झाला तर कायमचा बिघडतो, यासाठी त्याच्या तळाशी एक संरक्षक तुकडा असतो, २.५ व्होल्टच्या आसपास तो सेलचा संबंधच तोडतो. लख्ख उजेड आणि एकदम काळोख, याचे कारण हे. सेलला वाचवायची तजवीज होती, माणसासाठी नव्हती.

जगभरच्या हौशी कारागिरांनी याच चकतीवर गेल्या वीस वर्षांत मोठा खटाटोप केला आहे. अशा चकतीत एक बारीक रोध असतो. समजा त्यावर ‘आर २००’ लिहिले आहे, म्हणजे ०.२ ओहम. चिप त्याच्यावरचा दाब कायम राखते, म्हणून तशाच दुसऱ्या रोधाला त्याच्या पाठीवर डाख दिला की रोध निम्मा आणि एलईडीचा करंट दुप्पट. एका सेलच्या बॅटऱ्यांत एएमसी ७१३५ नावाची तीन पायांची चिप येते. एक चिप ३५० मिलीअँपिअर जाऊ देते. चार असल्या तर १.४ अँपिअर, आठ असल्या तर २.८. अधिक उजेड हवा असेल तर एका चिपवर दुसरी चढवून पायाला पाय जोडायचे. पण २.८ अँपिअरला, भरलेला सेल असताना, त्या चिपाच अडीच वॉट उष्णता फेकतात. डोके तापते, डाख सुटतो, एलईडी निळसर पडतो. माझी पहिली चकती मी अशाच हव्यासापायी जाळली.

या चकत्यांवर एटीटायनी १३ हा नखाएवढा संगणकही असतो. त्याची सगळी स्मृती १ किलोबाइट, म्हणजे या लेखाचे एक पानही तिच्यात मावणार नाही. खटका अर्धा दाबला की उजेड मोठा, मध्यम, लहान होतो ते त्याच्यामुळे. दोन रोधांच्या मधून तो सेलचा दाबही मोजत राहतो, आणि दाब ३ व्होल्टच्या जवळ आला की उजेड पायरीपायरीने उतरवतो. हे वाचले आणि मला हवे होते ते सापडले.

१७ मिलिमीटरची तशी आठ चिपांची चकती मागवली, जुन्या चार आण्याच्या स्टीलच्या नाण्याहून किंचित लहान. आठांपैकी पाच चिपा मी काढून टाकल्या. तीन उरल्या, म्हणजे १.०५ अँपिअर, सरीतले पाणी पाहायला एवढा उजेड पुरतो. ही चकती एका सेलवर चालते, म्हणून दुसऱ्या सेलच्या जागी तेवढ्याच लांबीचा पितळी दांडा घातला. निघालेला सेल शेतकऱ्याच्या खिशात. आधी दोन्ही सेल एकदम संपत. आता एक संपला तरी दुसरा हाताशी राहतो. ३००० मिलीअँपिअर-तासांचा सेल पूर्ण उजेडावर तीन तासांच्या आतबाहेर चालतो. दोन सेल एकदम घातल्यावर बॅटरी न उघडता त्याहून बराच अधिक वेळ जाई, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, ‘‘चालतंय सर. मंद झाली की कळंल न्हवं?’’

* * *

ज्यांना स्वतः करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. दहांतल्या सहासात बॅटऱ्यांत चकती गेलेलीच नसते. आधी सेलची टोके, स्प्रिंग आणि नळीचे आटे साफ करावेत. मग मल्टिमीटरने सेलचा दाब पाहावा. मग चकतीच्या कडेचा डाख भिंगाखाली बघावा. तिथे केसाएवढी गोल चीर दिसली तर डाख सुटलेला असतो. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे यांचा डाख १८३ अंशांना वितळतो. कारखान्यात आता वापरतात तो बिनशिशाचा डाख २१७ अंशांच्या वर, म्हणून कावीळ झाल्यासारखी लहान सोल्डरिंग गन तिथे चालत नाही. डाखाचा धूर नाकात जाऊ देऊ नये आणि काम झाल्यावर हात धुवावेत. फुगलेला किंवा चेपलेला लिथियम सेल उघडू नये, चार्जही करू नये.

अलीकडे काही बॅटऱ्यांत चकतीवर काळी राळ ओततात, डोके चिकटवून टाकतात, चिपांचे नंबर घासतात. पाणी आत जाऊ नये यासाठी राळ असेल तर ते समजू शकते. पण नंबर घासल्याने पाणी अडत नाही. बाबांच्या पिढीला बॅटरी उघडता येत होती, म्हणून तिच्याबद्दलचे ज्ञान घरात होते. आपल्या नातवंडांना ती उघडताच आली नाही, तर आत काय बिघडले हे तर सोडाच, आत काय होते हेही त्यांना कळणार नाही. आणि रात्री सरीत उभे राहणाऱ्या माणसाला काय हवे, हे दूरच्या कारखान्यातला कुणीतरी ठरवत राहील.

काम चालू होते तेव्हा शेतकऱ्याचा मुलगा शेजारी बसून होता. दहावीत आहे, कानडी माध्यमात शिकतो. मी त्याला दाब मोजणारे दोन भाग दाखवले आणि सवयीने ‘हे दोन रोध’ म्हणालो. म्हटले, याला कळले की नाही कोण जाणे. तो म्हणाला, ‘‘आमच्या कानडी पुस्तकातही रोधच आहे, सर.’’ मग त्याने सोल्डरिंग गन मागितली. शेवटचे दोन डाख त्याने दिले. त्यातला एक जरा जाड झाला आहे, पण पक्का आहे.

गेल्या पंधरवड्यात त्याचे वडील सांगत होते, बॅटरी मध्यरात्री मंद झाली, तेव्हा ते बांधावर आले, बसून सेल बदलला आणि पुन्हा पाण्यावर गेले.